हर-२ ‘टू प्लस’ आलंय, आता पुढे?

प्रश्न : आईच्या (वय ५८) स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीच्या बायोप्सीत ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) निगेटिव्ह आणि हर-२ (पेशीला वाढायला लावणारा रिसेप्टर) ‘२+’ आलं आहे. डॉक्टर ‘फिश’ (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) करून घ्या म्हणतात, त्यासाठी ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) परळला न्यायचा आहे. त्यासाठी केमो लांबवावी का? हर-२ हे जनुक आहे, तर आम्ही बहिणींनीही तपासणी करावी का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : फिशचा निकाल येईपर्यंत थांबा. २+ हा निकालच नव्हे. ‘या तपासणीवरून सांगता येत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. औषधं कोणती, हे फिशवर ठरणार आहे.

हर-२ चं जनुक १७व्या गुणसूत्रावर असतं. त्यापासून बनणारा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, पेशीच्या आवरणात रोवलेला असतो. शेजारच्या रिसेप्टरशी, विशेषतः हर-३ शी, त्याची जोडी जमली की पेशीला वाढीचा निरोप जातो. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोनच प्रती असतात. काही गाठींत त्या कितीतरी पटींनी वाढतात, आवरणावर रिसेप्टरची गर्दी होते आणि निरोप थांबतच नाही.

तुमच्याकडे झालेल्या आयएचसी तपासणीत रिसेप्टर रंगवून पाहतात. दहा टक्क्यांहून जास्त पेशींची कड सलग आणि गडद रंगली तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. कड सलग पण रंग फिका, तर २+. फिशमध्ये जनुकाच्या प्रतीच चमकत्या ठिपक्यांच्या रूपात मोजतात, निदान २० पेशींत. हर-२ चे ठिपके १७व्या गुणसूत्राच्या ठिपक्यांच्या दुप्पट किंवा जास्त, आणि पेशीमागे सरासरी ४ किंवा जास्त असले तर पॉझिटिव्ह. दोन्ही आकडे कमी असले तर निगेटिव्ह. एकच अट पुरी झाली तर आयएचसीची स्लाइड शेजारी ठेवून दुसऱ्या तज्ज्ञाकडून पुन्हा मोजून घेतात.

तपासणीत घोळ झालाच, तर तो बहुधा तुकडा काढला तिथेच झालेला असतो. तुकडा तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) पडायला हवा आणि त्यात ६ ते ७२ तास राहायला हवा. डबी नातेवाइकांच्या हातात देऊन ‘लॅबमध्ये पोचवा’ म्हणायची पद्धत छोट्या नर्सिंग होममध्ये आहे. डबीत नुसतं सलाइन असेल तर ऊतक खराब होतं आणि मग फिशचे ठिपकेही नीट उमटत नाहीत.

नेताना मेणाचा ब्लॉक, आयएचसीच्या स्लाइड आणि मूळ रिपोर्ट तिन्ही न्या. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टशी ताडून पाहा, पोच घ्या आणि ‘ब्लॉक परत हवा’ असं अर्जावर लिहा. पुढे आणखी तपासण्या लागू शकतात. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, मेण मऊ होतं.

फिश पॉझिटिव्ह आलं तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-२ ला रोखणारं इंजेक्शन जोडतात : पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी ६, साधारण वर्षभर. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी आणि नंतर दर तीन महिन्यांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावाच. इको चुकवून इंजेक्शन घेत राहू नये.

तुम्हा बहिणींचं म्हणाल तर हर-२ च्या वाढलेल्या प्रती फक्त गाठीच्या पेशींत असतात, आईकडून मुलींकडे येत नाहीत. त्यासाठी तुमची तपासणी नको. मात्र फिश निगेटिव्ह आलं तर ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह, म्हणून हा आजार ‘ट्रिपल निगेटिव्ह’ ठरतो, आणि मग बीआरसीए जनुकांची रक्ततपासणी करायला हवी; यांतला दोष मात्र आईकडून मुलींकडे येऊ शकतो. तीही आधी आईची. तिच्यात दोष सापडला तरच तुमची.