कोमल गंधार जपून वापरा

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. कारखाना बंद पडला आणि आमच्या पाळीतले बरेच सोबतीही एकेक करून गेले. त्यांच्यावर सात कडव्यांची कविता केली आहे. धृपद असं : ‘पाळी सुटली, वाजे भोंगा, कुणी न उरले गेटापाशी’. मुलाने कीबोर्डवर शिवरंजनी रागात चाल लावली. घंटाळीच्या सहयोग मंदिरात उरलेले आम्ही जमणार आहोत, तिथे मी एकटाच गाणार. घरचे ऐकून रडतात, पण चाल मला आमची वाटत नाही. पाचव्या कडव्यात दोस्तांची नावं आहेत, ती तालात बसत नाहीत. काढू का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, नावं काढायची नाहीत. बाकीचं नंतर बोलू.

शिवरंजनीत रडवणं सोपं असतं हो. पण तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यात डबे पळवणं आहे, फोरमनची नक्कल आहे. त्या ओळी मुसमुसत कशा म्हणणार? मुलाची चाल मोडीत काढायचं मात्र कारण नाही. शिवरंजनीत सा रे ग प ध हेच सूर, त्यातला गंधार, म्हणजे ‘ग’, कोमल, म्हणजे जरा उतरलेला. तो शुद्ध केलात की भूप रागाचे पाच सूर हाती येतात. धमालीची कडवी भूपात म्हणा आणि ‘कुणी न उरले’ आलं की तेवढ्यापुरता कोमल गंधार लावा. सारखा लावलात तर मालिकेतलं पार्श्वसंगीत होईल.

ओळी आठ-आठ मात्रांच्या आहेत, केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, चपखल बसतात. फक्त ‘कुणी न उरले’मधला ‘न’ ताणू नका. ऱ्हस्व अक्षरावर हरकत, म्हणजे सुरांची छोटी वळणं, घेतली की शब्द फुटतो. रेंगाळायचंच तर ‘उरले’च्या ‘ले’वर रेंगाळा, तो दीर्घ आहे.

आता नावं. तिथे ताल सोडा. कीबोर्डचा तयार ठेका तर आधीच बंद करायला सांगा, नुसता तानपुरा चालू दे. षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, एकेक नाव, हजेरी घेतल्यासारखं, सरळ. नावापुढे तुम्ही ‘फिटर’, ‘वेल्डर’ लिहिलंय, तेही म्हणायचं. शेवटच्या नावानंतर घाईने धृपदावर येऊ नका. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी काहीतरी बोलेलच, बोलू द्या.

सात कडवी मात्र फार झाली. इंग्रज कवी हाउसमन याची गेलेल्या मित्रांवरची कविता मोजून आठ ओळींची, 1896च्या संग्रहातली. बटरवर्थ या इंग्रज संगीतकाराने ती एकट्या गळ्यासाठी पियानोच्या साथीने बांधली, आणि उगाच लांबवली नाही. (1916 साली, एकतिसाव्या वर्षी, हा बटरवर्थ स्वतःच पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत मारला गेला.) तुम्ही चार कडवी गा. नावांचं त्यात हवंच. उरलेली तीन झेरॉक्स काढून चहाच्या वेळी वाटा.

आणि पट्टी उतरवा. पूर्वी पेटीची काळी दोन लागत असेल, आता पांढरी एकला ‘सा’ धरून गाऊन बघा.