ट्रायल्स सायकलचा (पाय न टेकता अडथळ्यांवरून उड्या मारायची सायकल) मागचा ब्रेक सुटतो. डिस्क (हबजवळची चकती आवळणारा ब्रेक) घेऊ की हायड्रॉलिक रिम ब्रेक (तेलाच्या दाबाने चाकाची कडी आवळणारा)?

मागच्या चाकावर उभं राहिलं की लिव्हर पूर्ण दाबूनही चाक सरकतं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून माझं माकडहाड ठणकलं. थट्टा नाही, दोन वर्षं झाली तरी जास्त वेळ बसलो की ते अजून आठवण करून देतं.

दोन ठोकळ्यांमधली उडी होती, तशी रोजचीच. मागचं चाक पलीकडच्या कडेवर बरोबर टेकलं, ब्रेक आवळलेला होता आणि तेवढ्यात चाक चार बोटं मागे सरकलं. कडेवर चार बोटं म्हणजे सगळंच. मी खाली, सायकल माझ्यावर. आमच्या ग्रुपमध्ये ज्याला सगळे दादा म्हणतात, तो वरून बघत म्हणाला, "तंत्र कच्चं आहे तुझं, ब्रेकला कशाला बोल लावतोस?" आणि पुढच्याच आठवड्यात हाच माणूस सांगतो की चार पिस्टनचा डिस्क घे, सगळे प्रश्न मिटतील. मग आधी तंत्र कच्चं होतं ते काय होतं?

तरी घेतला. फ्रेमवर दोन्हीची सोय होती, पैसेही साठवलेले होते.

डिस्क वाईट नव्हता. पण २६ इंची चाकाच्या रिमचा व्यास ५५९ मिमी आणि डिस्कच्या चकतीचा, म्हणजे रोटरचा, १६०. चाक तेवढंच घट्ट धरायला डिस्कला जवळपास साडेतीन पट जोराने आवळावं लागतं. शिवाय कॅलिपरमध्ये, म्हणजे चकती आवळणाऱ्या चिमट्यात, पॅडला केसभर जागा असते, ती टायरपाशी पोचेपर्यंत तितक्याच पटीने वाढते. मागच्या चाकावर तोल धरला की सायकल टक-टक करत मागेपुढे झुलायची. त्यात भर म्हणजे सगळा ताण हबमधून स्पोकवाटे रिमपर्यंत जातो. रिम ब्रेक थेट रिमलाच धरतो, मध्ये कोणी नाही. चार पिस्टन, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्या हे लांब उतारावरून येणाऱ्यांसाठी. आपल्याला उभं चाक धरून ठेवायचंय, त्यात तापणार काय? एकदा चेनच्या तेलाचा थेंब रोटरवर उडाला आणि पॅड फेकून द्यावे लागले, ते वेगळंच.

महिन्याभराने जुना मागुरा एचएस ३३, म्हणजे माझा आधीचा हायड्रॉलिक रिम ब्रेक, परत चढवला. या वेळी मात्र आधी पॅडच्या तोंडाला काळ्या मार्करने रंग दिला, चाक हाताने फिरवत दोन-तीनदा ब्रेक दाबला आणि पॅड काढून बघितले. शाई फक्त वरच्या कडेची पुसली होती, जेमतेम तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी पट्टी. बाकी पॅड जसाच्या तसा काळा! म्हणजे इतके दिवस मी पाव पॅडवर उड्या मारत होतो. मग मित्राला लिव्हर दाबायला सांगून फ्रेमच्या, ब्रेक बसतो त्या मागच्या दोन्ही दांड्यांवर बोटं ठेवली. दांड्या फाकत होत्या, डोळ्यांना दिसेल इतक्या. बोटांचा अर्धा जोर फ्रेम वाकवण्यात जात होता, रिमला मिळतच नव्हता.

पॅड सरळ बसवले, दांड्यांवर नालाच्या आकाराचा बूस्टर (दांड्या फाकू न देणारी कमान) लावला, रिमला ग्राइंडरने बारीक आडवे ओरखडे काढले, ट्रायल्सचे पॉलियुरेथेनचे पॅड घातले. पहिल्या दाबाला ब्रेक असा किंचाळला की दादाने मागे वळून बघितलं. एका बोटात चाक जाम. सगळा खर्च डिस्कच्या पावपट.

तर तुमचं उत्तर: आत्ता दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. आधी मार्करची परीक्षा, मग दांड्यांवर बोटं, मग पॅड. त्यानंतरही सरकला तर रिम ब्रेकच घ्या. लिव्हर दाबताना मऊ लागत असेल तर आत हवा आहे, खालून सिरिंजने तेल भरत वर काढा. बरेच जण तेलाऐवजी पाणी भरतात, लिव्हर खरंच हलकी होते, पण कंपनी तिचं खनिज तेलच वापरायला सांगते आणि गोठणाऱ्या थंडीत नुसतं पाणी ब्रेक फोडतं. डॉट द्रव (गाड्यांच्या ब्रेकमध्ये घालतात तो) चुकूनही नको, सील फुगतात.

हो, ग्राइंड केलेली रिम दर वेळी थोडी पातळ होते आणि पॅडही भराभर खाते. आधीच झिजलेल्या रिमला ग्राइंडर लावू नका, आणि संरक्षक चष्म्याशिवाय तर नाहीच. ओरखडे काही आठवड्यांनी बोथट होतात, ते काम परत करावं लागतं. आणि तुमची सायकल २० इंची असेल तर मागची रिम लहान असते, तेव्हा वरचा हिशोब तितका एकतर्फी राहत नाही. फ्रेमला फक्त डिस्कचीच सोय असेल तर वाद संपलाच, मोठा रोटर लावा आणि तेलाचा डबा लांब ठेवा.

माझा डिस्क खोक्यात पडून होता, तो मी दादाला अर्ध्या किमतीत देऊ केला. बराच वेळ उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "घेतो, पण पुढच्या चाकाला लावेन."