आधी माईक, कॅमेरा नंतर

फोनच्या रिव्ह्यूचे व्हिडिओ करायचे तर कॅमेऱ्याची घाई नको, शूटिंगला हातातला फोन पुरतो. पैसे घालायचेच तर कॉलर माईकवर घाल. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लाव, रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद. (मुंबईत घाम येणारच, रुमाल जवळ ठेव.) लोकल धडधडत गेली की थांब, वाक्य पुन्हा बोल.

हमखास होणाऱ्या चुका:
- ट्यूबलाइटखाली सरकणारे काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब त्या तालावर लुकलुकते, म्हणून प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग्ज हाताने ठरवता येतात तो मोड) शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेव.
- काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचाच चेहरा. रिव्ह्यूचा फोन जरा तिरका धर.
- खोक्यावरचे आकडे वाचणं. ते कुणालाही वाचता येतात! आठवडाभर वापर, मग भर दुपारी उन्हात स्क्रीन दिसते का ते दाखव.

फोन कंपनीने दिला असेल तर सुरुवातीलाच सांग. एडिटिंगचं नंतर बघू.