विहिरीचे पाणी आणि शेजारचा कचरा डेपो

प्रश्न : कचरा डेपो विहिरीपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. पाणी नितळ आहे, वासही नाही. उकळून प्यायले तर चालेल का?

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट, क्लोराइड, जड धातू तसेच राहतात. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. अंतरापेक्षा भूजल कोणत्या दिशेने वाहते, हे महत्त्वाचे. डेपो वरच्या अंगाला असेल तर अर्धा किलोमीटर फार नाही, त्यातून खडक भेगाळलेला असेल तर मुळीच नाही.

कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळपट पाण्यातले क्लोराइड मातीत अडकत नाही, म्हणून पहिली चाहूल त्याचीच लागते. या झिरपणाऱ्या पाण्यामुळे जमिनीतला ऑक्सिजन संपला की मातीतले लोह, मँगनीज विरघळतात. बादलीत ठेवलेले पाणी काही तासांनी तांबूस झाले तर शंका घ्यावी. अर्थात नैसर्गिक लोहानेही तसे होते.

पंप दहा मिनिटे चालवून मगच नमुना घ्या. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. धातूंसाठीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच आणा. तिच्यात आधीच आम्ल घातलेले असेल तर विसळू नका. नमुना बर्फात ठेवून 24 तासांत पोहोचवा. क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, लोह, मँगनीज, शिसे तपासून घ्या. डेपोच्या वरच्या बाजूच्या विहिरीचा नमुनाही सोबत द्या, नाहीतर आकड्यांची तुलना कशाशी करणार? नायट्रेट लिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर गेले, तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात अजिबात वापरू नका.