चिकट झालेला बिडाचा तवा आणि माझे तीनशे रुपये

ताई, "नव्या बिडाच्या तव्याला तीनदा तेल लावून तापवला, तरी बोट चिकटतं आणि धिरडं उलथण्याआधीच फाटतं" हे तुमचं वाचलं आणि भुसावळची माझी भाड्याची खोली आठवली. तेव्हा मी एकटा राहून स्वयंपाक शिकत होतो.

तेल जास्त झालंय, एवढंच. पातळ थर तापून कडक होतो आणि बिडाला धरून बसतो. जाड थर वरून सुकतो, आतून पाकासारखा राहतो. आजी मला आधीच बोलली होती, "तवाले इतलं तेल नको पाजू." मी ऐकलं नाही. तवा तिचाच होता, हे जास्त लागतं.

तर माझा तवा तुमच्यासारखाच चिकटला. म्हटलं, जाळूनच टाकू. मोठ्या आचेवर ठेवला आणि फोनवर बोलत बसलो. खोलीभर धूर झाला तेव्हा जागा झालो आणि घाबरून तवा नळाखाली धरला. जानेवारी होता, भरिताचे दिवस, पाणी हाताला झोंबत होतं. फाटकन आवाज आला आणि कडेपासून मध्यापर्यंत चीर. पत्र्याचा लोखंडी तवा असता तर फार तर वाकला असता. बिडात कार्बन जास्त, दोन ते चार टक्के; ते वाकत नाही, तडकतं.

इथवर चूक माझीच. पण पुढे वेल्डिंगवाल्याकडे गेलो. (दुकानाचं नाव सांगत नाही, तो अजून तिथेच आहे.) "बिडाचं होईल ना?" असं दोनदा विचारलं. "होईल की, दादा, काय विशेष." बिडाला आधी नीट तापवावं लागतं, त्याची कांडीही वेगळी असते, हे मला फार नंतर कळलं. त्याने साध्या कांडीने टाका मारला आणि तीनशे रुपये घेतले. घरी पहिल्याच भाकरीला टाक्याच्या शेजारून नवी चीर गेली. परत गेलो तर म्हणे, "माल जुना आहे." पैसे गेले ते गेलेच. "होत नाही" म्हणाला असता तर मी चहा पाजला असता!

तुमचा तवा वाचेल. मध्यम आचेवर पालथा ठेवा, खिडकी उघडी ठेवा, धूर थांबला की बंद करा आणि तिथेच गार होऊ द्या. तरी चिकटला तर साबण आणि तारेच्या घासणीने थर काढून पहिल्यापासून सुरू करा. शेंगदाण्याचं तेल पुरे. लावून झालं की स्वच्छ फडक्याने इतकं पुसा, की तवा कोरडा वाटेल. जवसाच्या तेलाचं कौतुक बरेच जण करतात, माझ्याकडे त्याचे पोपडे निघाले. मी काही भांड्यांचा जाणकार नाही, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

धिरडं फाटायचं दुसरं कारण म्हणजे घाई. तवा मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब नाचला की मगच पीठ घाला. आणि पहिले महिनाभर त्यात टोमॅटोचा रस्सा, चिंच काही नको, आंबटाने थर उतरतो. शेवभाजी दुसऱ्या कढईत करा.

आजीच्या तव्याचे शेवटी दोन तुकडे झाले. त्यातला एक गच्चीवर आहे. बिबडे (आमच्याकडचे ज्वारीचे पापड) वाळत घातले की कापड उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवतो.