वाचकांचे प्रश्न : नर्स असलेल्या फिलिपिनो विहीणबाईंचा स्मरणलेख

प्रश्न : आमच्या सूनबाईंची आई मूळची फिलिपिन्समधल्या इलोइलोची. १९८० नंतर त्या नर्स म्हणून अमेरिकेत गेल्या आणि न्यू जर्सीत तीन मुलं वाढवली. नुकत्याच वारल्या. नातवंडांसाठी आणि इकडच्या पै-पाहुण्यांसाठी मराठीत लेख लिहायचा आहे. पण ‘प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या’ याच्या पुढे लेखणी जात नाही. – एक वाचक, खानापूर

उत्तर : ते दोन्ही शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि सूनबाईंना पहिला प्रश्न विचारा : आईची ड्युटी कोणती असायची? त्या काळी अमेरिकेतल्या रुग्णालयांत बहुधा आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या असत. सकाळी सात ते तीन, दुपारी तीन ते अकरा, रात्री अकरा ते सात. बारा तासांची पाळी नंतर रुळली. आईपण कसं निभावलं, ते या पाळीवरूनच कळतं. दुपारची पाळी असली की मुलं शाळेतून येतात तेव्हा आई घरात नसते. जेवण झाकून ठेवलेलं, अभ्यासाची चौकशी वॉर्डातल्या फोनवरून. रात्रपाळी असली की साडेसातला घरी यायचं, मुलांना शाळेला धाडायचं, पडदे ओढून झोपायचं आणि बस यायच्या आत उठायचं. मुलांसाठी मुद्दाम रात्रपाळी मागून घेणाऱ्या आया पुष्कळ होत्या. तुमच्या विहीणबाई त्यांतल्या होत्या का, हे नक्की विचारा.

मग वॉर्ड. आयसीयूत एका नर्सकडे एक-दोन रुग्ण असतात, साध्या वॉर्डात पाच-सहा किंवा जास्तही. ‘रुग्णसेवा केली’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. अंगाने दुप्पट असलेल्या माणसाला चादरीसकट सरकवून नर्सचीच कंबर जाते. असं एखादं काम नीट लिहा. रुग्णांची नावं, आजार मात्र येऊ देऊ नका. अमेरिकेत रुग्णाची माहिती त्याच्या मृत्यूनंतरही ५० वर्षं रुग्णालयाला गोपनीय ठेवावी लागते.

त्या तिकडे पोचल्या कशा, हेही यायला हवं. फिलिपिन्सवर १८९८ ते १९४६ अमेरिकेचा अंमल होता. त्या काळात इंग्रजीतून नर्सिंग शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, त्यांतली इलोइलो मिशन हॉस्पिटलची १९०६ सालची. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने जुने देशवार कोटे उठवले, आणि १९७४ पासून फिलिपिन्स सरकारने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे धोरणच केलं. विहीणबाईंच्या पिढीतल्या बहुतेकींना निघण्याआधी परदेशी नर्सेसची पात्रता तपासणाऱ्या सीजीएफएनएस या संस्थेची चाचणी द्यावी लागे आणि तिकडे राज्याच्या परवान्याची परीक्षा, जी १९८२ पासून एनक्लेक्स नावाने होते. ती पास होईपर्यंत पदवीधर असूनही कित्येकींनी मदतनीस म्हणून काम केलं. हा काळ मुलांना सहसा ठाऊक नसतो. त्यांच्या बहिणीला किंवा जुन्या मैत्रिणीला विचारा.

पैशाबद्दल संकोच करू नका. खानापूर-चंदगडकडची माणसं मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर धाडायची, तसंच हे. कोणत्या भावंडाची फी, कोणत्या साली, कोणत्या कॉलेजची, घराचं छप्पर कधी बदललं, हे लिहा. आणि बालिकबायान पेटी विसरू नका. परदेशातल्या फिलिपिनोंनी मायदेशी घरच्यांना धाडायचा हा कमरेएवढा पुठ्ठ्याचा खोका जहाजाने जातो. भाडं वजनावर नव्हे, आकारावर असतं. म्हणून साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं ठासून भरतात आणि बुटांच्या पोकळीतही मोजे कोंबतात. पोचायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे नाताळची पेटी सप्टेंबर-ऑक्टोबरातच निघते. ती कोण भरायचं, कुणाच्या मापाचे बूट असायचे, हे सूनबाईंना नक्की आठवेल.

नावात चुका फार होतात. फिलिपिनो नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं नसतं. लग्नाआधी तिथे आईचं माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर स्वतःचं माहेरचं आडनाव मधे येतं आणि नवऱ्याचं शेवटी. कागदोपत्री ‘मारिया’चं संक्षिप्त रूप असतं, ते ‘मा.’ असं उतरवलंत तर आपल्याकडे ‘माननीय’ वाचतील. पूर्ण ‘मारिया’ लिहा. इलोइलोची भाषा हिलिगायनोन आहे, तेव्हा ‘मातृभाषा तागालोग’ असं परस्पर ठोकून देऊ नका.

प्रश्न : इंग्लंडमध्ये माझ्या मुलीला आईची माया देणाऱ्या फिलिपिनो सीनियर नर्स वारल्या. त्यांच्यात तेरावं, वर्षश्राद्ध असतं का? आम्ही इथून काय करावं? – एक भगिनी, निपाणी

उत्तर : त्या कॅथलिक असतील, आणि बहुतेक फिलिपिनो असतातच, तर ‘पासियाम’ म्हणजे नऊ दिवस रोज जपमाळेची प्रार्थना होते. पुढे चाळिसावा दिवस आणि वर्ष पाळतात. बरीच कुटुंबं व्हिडिओवर नातलगांना जोडून घेतात. इंग्लंडात संध्याकाळी सातला प्रार्थना असेल तर उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. बोलायची गरज नाही, हात जोडून बसलं तरी पोचतं. शोक करणाऱ्या घराला पैशाची मदत देण्याची त्यांच्यात रीत आहे, तेव्हा मुलीने पाकीट द्यायला लाजू नये. लाल कपडे टाळावेत. इकडे फोटो ठेवणार असाल तर फुलं आणि मेणबत्ती पुरे. कुंकू लावू नका. चाळिसाव्या दिवशी मिस्सा (चर्चमधली कॅथलिक उपासना) अर्पण करायची असेल तर बेळगाव कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलच्या कार्यालयात थोडे दिवस आधी नाव आणि तारीख देऊन विचारा.

प्रश्न : १२ मेच्या परिचारिका दिनाला कॉलेजात पाच मिनिटं बोलायचं आहे. कोविडात फिलिपिनो नर्स फार गेल्या, हे खरं का? – नर्सिंगची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : खरं आहे. नॅशनल नर्सेस युनायटेड या अमेरिकी संघटनेच्या सप्टेंबर २०२० च्या अहवालानुसार तिथल्या नोंदणीकृत नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे ४ टक्के, पण कोविडने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळपास एक तृतीयांश. आयसीयू, साधे वॉर्ड, वृद्धांची शुश्रूषागृहं अशा थेट रुग्णाच्या उशाशी असलेल्या कामांत त्या जास्त होत्या, हे त्याचं मोठं कारण. हा आकडा सांगताना देश आणि महिना सांगा, नाहीतर तो जगभराचा समजला जातो. त्याला जोडून ८ डिसेंबर २०२० सांगता येईल : चाचण्यांबाहेरची जगातली पहिली फायझर लस इंग्लंडात कॉव्हेंट्रीला टोचली ती मे पार्सन्स यांनी, आणि त्या फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या नर्स. पाच मिनिटांना पाचशे शब्द पुरतात. घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून बघा.