किरण आला की किरण आली?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : मुलीचं नाव ‘किरण’ ठेवायचं मनात आहे, पण सासरे म्हणतात, हा शब्द संस्कृतात पुल्लिंगी, म्हणजे ते मुलाचंच नाव. मग इतक्या बायकांचं नाव किरण कसं? आणि मूळ अर्थ काय?

सासरेबुवांचं व्याकरण पक्कं आहे, निष्कर्ष तेवढा घाईचा. शब्दाचं लिंग आणि नावाचं लिंग यांचा आपल्याकडे फारसा संबंधच नसतो. अमरसिंहाच्या ‘अमरकोश’ या जुन्या संस्कृत शब्दकोशातला हा श्लोक बघा : ‘किरणोस्रमयूखांशुगभस्तिघृणिरश्मयः । भानुः करो मरीचिः स्त्रीपुंसयोर्दीधितिः स्त्रियाम् ॥’ प्रकाशाच्या किरणाला जितके शब्द, तितके एका दमात. अमरसिंह लिंगाच्या बाबतीत काटेकोर : मरीचि दोन्ही लिंगांत चालतो, दीधिति स्त्रीलिंगी, हे तो मुद्दाम सांगतो, बाकीचे सगळे पुल्लिंगी. आता हीच मंडळी आपल्या घरांत कशी वाटली गेली? मयूख मुलगा झाला, भानूही मुलगाच. रश्मि अमरसिंहाच्या लेखी पुल्लिंगी, पण रश्मी नावाचा मराठी मुलगा शोधून दाखवा! ओडिशात मात्र रश्मिरंजन हे पुरुषाचं नाव सहज आढळतं. आणि ज्याला दोन्ही लिंगं मोकळी होती तो मरीचि आपल्याला माहीत आहे तो दाढीवाला ऋषी म्हणून.

रश्मीला तिचा शेवटचा ईकार भोवला. मराठी कानाला आकारान्त-ईकारान्त नाव बाईचं वाटतं. पण हाही नियम पक्का नाही, कारण कमल, कुसुम, सुमन, कांचन, मंगल ही आपल्या आज्या-मावश्यांची नावं. यांतले बहुतेक शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी! कांचन बंगालमध्ये पुरुष असतो, कमल हिंदीत आणि तमिळमध्ये पुरुष. शीतल म्हटलं की पुण्या-मुंबईला मुलगी डोळ्यांपुढे येते. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल नावाचे काका भेटतात, कारण दहावे तीर्थंकर शीतलनाथ.

आता किरण. धातू ‘कॄ’, अर्थ विखुरणं, उधळणं. प्रकीर्ण, विकीर्ण, संकीर्ण ही सगळी याच धातूची भावंडं. जे विखुरतं ते किरण, आणि आधी विखुरली ती धूळ. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, ६३व्या सूक्तात, इंद्राच्या भयाने घट्ट रोवलेले डोंगरसुद्धा ‘किरणा न’ (इथला ‘न’ म्हणजे ‘सारखे’) थरथरले असं म्हटलंय. तिथे किरण म्हणजे धूळकण, असा अर्थ आधुनिक कोशकार लावतात. ‘प्रकाशाची तिरीप’ हा अर्थ पुढे महाभारतापर्यंत रूढ झालेला दिसतो. हे अंतर फार लांबचं वाटत असेल तर कौलातून घरात उतरलेला कवडसा आठवा. त्यात तरंगणारी धूळ दिसते म्हणून तर प्रकाशाची रेघ दिसते.

मराठीत तर या शब्दाचं लिंग अजून डळमळतंच आहे. ‘आशेचा किरण’ म्हणताना तो पुल्लिंगी, पण ‘सूर्याची किरणे’ म्हणणारेही कमी नाहीत, म्हणजे नपुंसकलिंगी. गुजरातीत तो नपुंसकलिंगीच. हिंदीत थेट स्त्रीलिंगी : ‘आशा की किरण’. उर्दूतही ‘किरन’ स्त्रीलिंगी, म्हणून पाकिस्तानात हे मुलीचं नाव. उलट तेलुगू मुलखात ते बहुधा पुरुषाचं. अखंड आंध्र प्रदेशाचे शेवटचे मुख्यमंत्री किरण कुमार रेड्डी. माझा तर्क असा, की मराठी मुलींना हे नाव मिळण्यात हिंदीतल्या स्त्रीलिंगी किरणचा हात असावा. सुमन-कमलमुळे जमीन तयार होतीच.

नाव गाजलं तेही दोन्हीकडून. कादंबरीकार किरण नगरकर १९४२चे, यष्टिरक्षक किरण मोरे १९६२चे. किरण बेदी १९४९च्या, किरण मजुमदार-शॉ १९५३च्या, बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या किरण देसाई १९७१च्या. जन्मसालं बघितलीत तर लक्षात येईल, हे नाव आज पन्नाशी ओलांडलेल्यांत जास्त सापडतं. बालवाडीच्या हजेरीपटावर आता त्याच्या जागी आरव, विहान, अन्वी आहेत. तुमची लेक वर्गात एकटीच किरण असण्याची शक्यता दांडगी, हा फायदाच म्हणायचा.

एक गंमत सांगायला हवी. मराठीत पूर्ण नाव सांगूनही किरणचा पत्ता लागत नाही. ‘किरण सुरेश पाटील’ हा सुरेशरावांचा मुलगा, मुलगी की बायको? मधलं नाव तिघांनाही तेच. विभक्तीही मदत करत नाही : सामान्यनाम असेल तर ‘किरणाने’, पण माणूस असेल तर तो असो वा ती, ‘किरणने’. उलगडा होतो तो क्रियापदात, नाहीतर नात्यात : किरणदादा, किरणताई, किरणकाकू. लग्नपत्रिकेत ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ हे काम करतात. गुजरात्यांनी भाई आणि बेन जोडून प्रश्नच मिटवलाय.

परदेशी स्थायिक होण्याचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा : इंग्लंड-आयर्लंडमध्ये कीरन हे मुलाचं प्रचलित नाव आहे. ते आयरिश ‘किअरान’वरून आलेलं, त्याचं मूळ ‘काळा, सावळा’ या अर्थाच्या शब्दात, आपल्या किरणशी त्याचं काही नातं नाही. पण नुसत्या ईमेलवर तिथले लोक तुमच्या मुलीला पुरुष समजू शकतील.

तेव्हा ठेवा खुशाल. आणि सासरेबुवा संस्कृत स्त्रीलिंगावरच अडून बसले, तर त्याच श्लोकातली दीधिती आहे की! मात्र तिचे ऱ्हस्व-दीर्घ शाळेच्या दाखल्यावर एका फटक्यात बरोबर उतरतील याची हमी मी देणार नाही.